पोराला फुटबॉल शिकवायचं: गावचं मैदान, फीची अकादमी की निवासी प्रबोधिनी?

"पोट्टा चांगला खेळते, नागपूरले टाकू का?" वणी, हिंगणघाटकडचे पालक हे विचारतात. मी आधी पोराचं वय विचारतो, मग अकादमीचा पैसा कुठून येतो ते.

फीच्या अकादमीत सगळा खर्च पालकांच्या खिशातून निघतो. प्रवेश सहज मिळतो, पण एका कोचमागे पोरंही वाढत जातात. फी महिन्याला लागते आणि आपला कपाशीचा पैसा येतो दिवाळीनंतर. हंगामावर फी घ्याल का, हे विचारायला लाजू नका. बूट, एसटीचं भाडं, अंडी-दूध हा खर्च वेगळाच. कोचकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं किमान 'डी' लायसन्स (कोचिंगचा परवाना) नसेल, तर इतका पैसा घालू नका.

गावचं मैदान सामाजिक संस्थेच्या जोरावर चालतं. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी सुरू केलेलं 'स्लम सॉकर' देणग्या-अनुदानांवर उभं राहिलं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसा-सिमेंट पट्ट्यात हा पैसा मागता येतो. अडचण एकच, तो प्रकल्पापुरता येतो. जर्सी-बॉल वाटून फोटो काढले म्हणजे अकादमी झाली नाही. कोचचा पगार किती वर्षांसाठी मंजूर आहे, ते विचारा. जुलैत एकदा जाऊनही बघा: काळ्या मातीत चिखल झाला की सराव कुठे होतो?

काही संस्थाचालक सांगतात, एक पोरगा मोठ्या क्लबात गेला की पैसाच पैसा. जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या नियमाने आंतरराष्ट्रीय बदलीच्या (खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबात जाताना त्याच्या क्लबाला मिळणाऱ्या) रकमेतले ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, हे खरं. पण बदलीला किंमतच नसेल तर वाटाही नाही. त्या आशेवर अकादमी चालत नाही.

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळं सरकारी खर्चाने. जागा मोजक्या, निवड चाचणीतून. प्रत्येक केंद्रात प्रत्येक खेळ नसतो, म्हणून फुटबॉल कुठे आहे ते जिल्हा क्रीडा कार्यालयात आधी विचारून घ्या. जमशेदपूरची टाटा अकादमी १९८७ पासून आहे, पण तिथे देशभरातली पोरं येतात. तेवढ्या एकाच भरवशावर राहू नका.

माझं मत स्पष्ट आहे. बाराव्या वर्षापर्यंत गावचंच मैदान, शिकलेला कोच असेल तर. त्यापुढे प्रबोधिनीची चाचणी, आणि तिथे नाही जमलं तरच फीची अकादमी. मुलगी असेल तर स्वच्छतागृह, एखादी महिला प्रशिक्षक आणि संध्याकाळची परतीची बस, हे तीन प्रश्न फीच्याही आधी. आणि चाचणीला जाताना जन्मदाखला सोबत घ्या. वयोगटाच्या तपासणीला तो लागतो.