सिकलसेलची तपासणी आणि ते खिडक्यांचं कार्ड : वापरून पाहिलं, म्हणून लिहिते

माझ्या नणंदेची सून दुसऱ्या खेपेची आहे, तिसरा महिना. ‘मामी, सिकलची तपासणी करू का नको?’ असं तीनदा फोनवर विचारून झालं तिचं. सिकल म्हणजे सिकलसेल, आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार. माझ्या पोरीची करून घेतली, निकालाचं कार्डही मिळालं, ते वापरूनही झालं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, बाकीच्यांनाही उपयोग होईल. माझं बांगड्यांचं दुकान आहे, भंडारा जिल्ह्यातले तीन आठवडी बाजार करते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे.

तपासणी फुकट आहे. उपाशी जावं लागत नाही. तपासणीवाल्या मॅडमनी पोरीचं बोट टोचलं, थेंबभर रक्त नळीतल्या औषधात टाकलं आणि थोड्या वेळानं नळीमागं रेघांचा कागद धरला. रेघा दिसल्या तर सिकल नाही. पोरीच्या नळीतलं पाणी गढूळ, ताकात कुंकू पडल्यासारखं. मागच्या रेघा गडप. चहा थंड होण्याच्या आत काम झालं. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

पण टेबलावर नावं लिहिणाऱ्या पोट्ट्यानं तिथूनच आवाज दिला, ‘पॉझिटिव्ह!’ रांगेत सगळं गाव.

आता ऐका, ही गोष्ट मला नंतर समजली आणि तेव्हाच सांगायला पाहिजे होती. नळीची चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात एस, म्हणजे आईबापाकडून आलेला सिकलचा दोष, आहे. एक आहे की दोन, ते तिला कळत नाही. आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर एएस. तो नुसता वाहक, बहुतेकांना जन्मभर त्रास नाही. दोघांकडूनही आला तर एसएस, म्हणजे खरा आजार. ते ठरवायला दुसरी तपासणी लागते, एचपीएलसी, म्हणजे मशीनवर रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायचे. तिचं रक्त बाहेर पाठवतात. आमचा कागद यायला अडीच महिने लागले. तेवढ्यात पोरगी गावात ‘सिकलवाली’ झाली. एक स्थळ जवळपास ठरलं होतं, ते ‘मुलगी जास्त शिकलेली आहे’ म्हणून मागं फिरलं. बारावी झाली हो ती! कागद आला तो एएस.

मग मी म्हटलं, माझंही रक्त पाहा, आलं कुठून ते तरी कळू द्या. तर माझं वय बसत नाही म्हणे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सरकारची जी सिकलसेल मोहीम सुरू झाली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं ठरलं होतं. मी ४६ ची. पोरीचा बाप ५१ चा, आणि त्याला तपासायची हौसही नाही. तेव्हा एस माझ्याकडून आला की त्याच्याकडून, हे अजून कोणालाच माहीत नाही. सासूबाईंना तेवढं माहीत आहे.

मॅडम मात्र समजावून सांगणाऱ्या होत्या. हिमोग्लोबिन म्हणजे मण्यांची पोत समजा, म्हणाल्या. तिच्यातल्या एका सरात सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड नावाचा मणी पाहिजे, तिथं व्हॅलिन नावाचा दुसराच मणी ओवला जातो. ही चूक इंग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञानं १९५६-५७ मध्येच धरली होती. एवढ्याशानं तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. चांगली पेशी १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत संपते.

हे ऐकताना मला मागच्या हिवाळ्यातलं एक लेकरू आठवलं. आजी त्याला मनगट्या घालायला घेऊन आली होती. सव्वा वर्षाचं असेल. दोन्ही हातांची बोटं फुगलेली, कातडी ताणून चकाकत होती, हात लावला की किंचाळायचं. ‘थंडीनं सुजलं असेल माय, तेल लाव’ असं म्हणून मी मोठ्या मापाच्या मनगट्या दिल्या, वर पाच रुपये सोडले. तो एसएस निघाला. लहान लेकरात बोटं अशी सुजणं ही याची पहिली खूण असू शकते, हे दिवसभर लोकांचे हात धरणाऱ्या बाईला माहीत नव्हतं.

त्याला आता हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल चालू आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते जवळपास बंद पडतं. हे औषध ते पुन्हा वाढवतं आणि पेशी वाकायच्या कमी होतात. २०२३ च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत जनुकात कातर चालवणारा जो उपचार मंजूर झाला, कॅसगेव्ही, तोही तेच बंद पडलेलं हिमोग्लोबिन जागं करतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, आपले १८ कोटींच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनंही आपला उपचार तयार केला आहे, नाव ठेवलं बिरसा १०१. तो आमच्या रांगेपर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर कॅप्सूल.

आता कार्ड. पाठीमागं चौकोन आहेत, त्यातल्या काही खिडक्या कापलेल्या. मुलाच्या कार्डावर मुलीचं कार्ड ठेवलं की होणारी लेकरं कशी असू शकतील ते खिडकीतून दिसतं. डोकं ज्यानं चालवलं त्याला मानलं. पण वस्तू अर्धीच आहे. पोरीचं कार्ड सगळे मागतात, पोराचं कपाटातून निघत नाही.

पवनीकडचं दुसरं स्थळ आलं, तर मुलानं कार्डाचा फोटो पाठवला. आता फोटोवर कार्ड कसं ठेवू? ‘खरं घेऊन ये बापू, बाजारात ये,’ म्हटलं. आला बिचारा, खिशात घडी घालून. दोन-चार, दोन-सहा मापाच्या बांगड्यांच्या डझनांवर जी काच आहे तिच्यावर दोन्ही कार्डं ठेवली. त्याची घडी नेमकी खिडकीवर आलेली, बोटानं दाबून धरावी लागली. तो एए, म्हणजे एस मुळीच नसलेला. एसएस कुठंच दिसेना. त्यानं तीनदा उचलून पुन्हा ठेवून पाहिलं.

‘मावशी, म्हणजे काहीच नाही?’

‘दर खेपेला अर्धी शक्यता की लेकरू हिच्यासारखं एएस निघेल. पण आजारी नाही.’

दोघंही एएस असते तर दर खेपेला चारात एक एसएस, असंही सांगितलं. मान हलवली आणि आईसाठी हिरव्या बांगड्या घेऊन गेला. निरोप अजून यायचा आहे.

तपासणीला पाच तारे, कागदाच्या उशिराला एक, कार्डाला चार. पाचवा तारा कापला, कारण अक्षर बारीक. लॅमिनेशन वीस रुपयांत होतं, आरपार दिसतं, करून घ्या.

तर सूनबाई, जा. नळीवर ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं तर घाबरू नको, दुसऱ्या कागदासाठी दर आठवड्याला आशाताईच्या मागं लाग. आणि आमच्या भाच्याला सोबत ने. तो ३८ चा आहे, अजून बसतो.