चार नव्या कंट्रोल केबलचे बिल आणि बोटीत जुनीच केबल

पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरवण्यापूर्वी आपल्या सिंधुदुर्गातील अनेक बोटमालक कंट्रोल केबल बदलून घेतात. याच कामात माझी फसवणूक झाली. ज्या पद्धतीने ती झाली त्यात पैशांच्या नुकसानीबरोबर बोटीतील माणसांच्या जिवालाही धोका होता, म्हणून सर्व तपशील येथे लिहीत आहे.

माझी बोट देवबागजवळ कर्लीच्या खाडीत असते आणि पर्यटकांना समुद्रात घेऊन जाते. तिला मागे, बोटीच्या बाहेरच्या बाजूला बसवलेली दोन आऊटबोर्ड इंजिने आहेत. त्यामुळे लिव्हरच्या पेटीपासून इंजिनांपर्यंत चार केबल जातात, दोन गिअरच्या आणि दोन थ्रॉटलच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याच्या. गेल्या हंगामाच्या अखेरीस उजव्या इंजिनाचा गिअर टाकताना लिव्हर जड लागू लागला होता. या केबलमध्ये प्लास्टिकच्या आवरणाच्या आत पोलादी तार पुढे-मागे सरकते. टोकाकडून खारे पाणी आत गेले, की तार गंजते, ग्रीस सुकते आणि तार जागोजागी घासू लागते. बहुतेक केबलना आतून ग्रीस भरण्याची सोय नसते, त्यामुळे कडक झालेली केबल बदलणे हाच एक उपाय असतो. दोन इंजिनांच्या बोटीत हा दोष अधिक घातक ठरतो. धक्क्याला लागताना तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, एक इंजिन पुढे आणि दुसरे मागे टाकून बोट जागच्या जागी वळवतो. अशा वेळी एक इंजिन न्यूट्रलला आलेच नाही, तर बोट कोणत्या बाजूला जाईल हे त्याच्या हातात राहत नाही.

ओळखीच्या बोटवाल्यांनी ज्याचे नाव सुचवले, त्या मेकॅनिककडे मी हे काम सोपवले. बोट त्याच्या शेडमध्येच ठेवावी लागेल, असे त्याने सांगितले. काम झाल्यावर चारही लिव्हर अगदी हलके चालत होते आणि इंजिनाच्या टोकाला नवे क्लॅम्प, नव्या रबरी टोप्या दिसत होत्या. जुन्या केबल मी मागितल्या, तेव्हा त्या भंगारात गेल्या असे उत्तर मिळाले. ‘कंट्रोल केबल, ४ नग, २० फूट, मजुरीसह’ एवढाच मजकूर असलेले ३८,००० रुपयांचे बिल मी चुकते केले.

दिवाळीच्या गर्दीत मालवणच्या जेटीला बोट लावत असताना उजवे इंजिन रिव्हर्समधून बाहेर येईना. आमच्या तांडेलाने लिव्हरशी झटापट न करता त्या इंजिनाची चावी बंद केली आणि दुसऱ्या इंजिनावर बोट सावरली. बोटीत लहान मुले होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

त्यानंतर बोलावलेल्या दुसऱ्या मेकॅनिकने दोष शोधण्याची जी रीत दाखवली, ती प्रत्येक मालकाला माहीत असायला हवी. इंजिन बंद ठेवून त्याने प्रथम केबल इंजिनाच्या टोकाला सोडवली आणि लिव्हर हलवून पाहिला. तो तेवढाच जड होता, म्हणजे दोष इंजिनाच्या गिअरमध्ये नव्हता. मग त्याने लिव्हरकडचे टोकही सोडवले, तेव्हा लिव्हर सहज फिरू लागला. दोष केबलमध्येच होता हे त्यावरून निश्चित झाले. कडेच्या पट्टीखालची वाट उघडली, तर केबल बांधणारे प्लास्टिकचे टाय जुनेच होते, त्यांच्यावर मीठ आणि धूळ तशीच साचलेली होती. केबलच्या आवरणावर निळ्या जेलकोटचे, म्हणजे फायबरवर देतात त्या रंगीत थराचे, शिंतोडे होते. ते आमच्या बोटीचे फायबरचे काम केले त्या वेळचे आहेत, आणि ते काम या दुरुस्तीच्या कितीतरी आधी झालेले होते. म्हणजे केबल कधी बाहेर निघालीच नव्हती. टोकाची दांडी पॉलिश पेपरने घासून, आत पातळ तेल सोडून आणि वर नव्या टोप्या चढवून ती नवी भासवली होती. अशा तेलाने केबल थोडा काळ हलकी चालते, पण उरलेसुरले ग्रीस त्याबरोबर धुऊन जाते आणि पुढचे खारे पाणी थेट तारेला लागते. दोन्ही थ्रॉटल केबलचीही हीच स्थिती निघाली.

डाव्या इंजिनाची गिअर केबल मात्र खरोखर नवी होती, आणि मला सर्वांत जास्त संताप तिच्याबद्दल आला. तिच्या आवरणावर छापलेली लांबी १८ फूट होती. आऊटबोर्ड इंजिन स्टेअरिंगबरोबर फिरते आणि वरही उचलले जाते, म्हणून लिव्हरपासून इंजिनापर्यंतच्या मापात वळशासाठी साधारण ४ फूट जास्त धरावे लागतात. पहिल्या मेकॅनिकने आपल्याकडे पडून असलेली आखूड केबल ताणून बसवली होती. साध्या केबलचे वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा लहान असू नये; येथे ती इंजिनाजवळ जवळजवळ काटकोनात दुमडली होती. टोकाचा सांधा केबलच्या आट्यांवर किमान ८ मिलिमीटर चढलेला असावा, असे माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. तो जेमतेम तीन-चार आट्यांवर टिकून होता. खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरच्या लाटांत तो सुटला असता, तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

पहिल्या मेकॅनिकला जाब विचारल्यावर खाऱ्या पाण्यात नव्या केबलही लवकर कडक होतात, असे त्याने सांगितले. जेलकोटचे शिंतोडे दाखवल्यावर त्याने फोन घेणे बंद केले.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे, त्यांनी केबल बसवण्यापूर्वी तिच्यावर छापलेला भाग क्रमांक आणि लांबी यांचे छायाचित्र घ्यावे, तेच तपशील बिलावर प्रत्येक केबलसाठी वेगळे लिहून मागावेत आणि जुन्या केबल ताब्यात मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. प्रामाणिक कारागिराला यातली कोणतीही अट जाचक वाटत नाही. दुसऱ्या मेकॅनिकने न सांगता जुन्या केबल गुंडाळून माझ्या हातात दिल्या. काम झाल्यावर इंजिन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि वर उचलून प्रत्येक स्थितीत केबल ताणली जाते का, हे स्वतः पाहावे.

बोट धंद्याची असल्यामुळे ग्राहक म्हणून तक्रार करता येणार नाही, असे मला काहींनी सांगितले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू आणि सेवा वगळतो हे खरे आहे. पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून विकत घेऊन वापरलेल्या वस्तूंना (येथे केबलना) त्यात अपवाद आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. मी जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. तिच्यासोबत बिल, दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि जुने टाय जागेवर असतानाची छायाचित्रे जोडली आहेत. निळ्या शिंतोड्यांची ती केबल सुनावणीच्या वेळी सादर करण्यासाठी मोहोरबंद करून ठेवली आहे.