सीएचएसएच की एकेरी फोटॉन: एम.एस्सी. प्रकल्पासाठी कोणती कसोटी निवडावी?

पुंजप्रणाली अभिजात प्रणालीहून किती वेगळी वागते, हे मोजून दाखवण्याचा प्रकल्प सांगलीतील एखादा एम.एस्सी.चा विद्यार्थी घेऊ पाहतो तेव्हा त्याची निवड बहुधा दोन कसोट्यांपाशी येऊन थांबते: सीएचएसएच आणि एकेरी फोटॉन. सामग्रीची सुरुवात दोन्हींत सारखीच असते: ४०५ नॅनोमीटरचा लेसर बीबीओ स्फटिकात सोडला की अधूनमधून ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनांची जोडी बाहेर पडते.

पहिली कसोटी सीएचएसएच. तिच्या मुळाशी असलेले भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचे प्रमेय १९६४ चे. त्याला प्रयोगात मोजता येईल असे रूप १९६९ मध्ये सीएचएसएच (क्लॉझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांची आद्याक्षरे) असमानतेने दिले. दोन्ही बाजूंचे ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारे गाळक) ठरावीक कोनांवर फिरवून सोळा मोजण्या घ्यायच्या आणि त्यांतून ‘एस’ ही राशी काढायची. स्थानिक वास्तववादी सिद्धांतांत, म्हणजे गुणधर्म मोजण्याआधीच ठरलेले असतात आणि दूरच्या घटनेचा तत्काळ परिणाम होत नाही असे मानणाऱ्या सिद्धांतांत, ती २ ओलांडत नाही, पुंजयामिकीत २.८२८ पर्यंत जाते. मात्र जोडीतील सहसंबंधाची दृश्यता (तो किती ठळक दिसतो त्याचे माप) ७१ टक्क्यांच्या वर नसेल, तर सगळे कष्ट करूनही एस २ च्या आतच राहतो. शिवाय टेबलावरच्या अशा प्रयोगात पळवाटा, म्हणजे तोच निकाल अभिजात पद्धतीने समजावण्याच्या शक्यता, उघड्या राहतात. त्या एकत्र बंद करणारा पहिला प्रयोग २०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतर राखून झाला.

दुसऱ्या, म्हणजे एकेरी फोटॉनच्या, कसोटीत जोडीतला एक फोटॉन ‘दुसरा आला’ अशी वर्दी देतो आणि तो दुसरा अर्धपरावर्तकावर (अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या, अर्धा परावर्तित करणाऱ्या आरशावर) पडतो. पुढच्या दोन्ही डिटेक्टरांत एकाच वेळी टिकटिक झाली का, एवढेच पाहायचे. अभिजात तरंगासाठी ‘जी-२’चे, म्हणजे अशा एकाच वेळच्या टिकटिकीच्या मापाचे, मूल्य १ च्या खाली येऊ शकत नाही, आदर्श एकेरी फोटॉनसाठी ते शून्य असते. १९८६ मध्ये ग्रँजिए, रॉजे आणि अस्पे यांनी हेच दाखवले. तिसऱ्या डिटेक्टरचा खर्च वाढतो, पण सीएचएसएचला लागणारी दोन फोटॉनांची गुंतलेली (एंटँगल्ड) अवस्था जुळवत बसावे लागत नाही.

अर्थात दुसरी कसोटी फक्त प्रकाशाचे अभिजात तरंगचित्र खोडते, तर पहिली सिद्धांतांचा एक अख्खा वर्ग. तरीही एकच सत्र हाती असेल, तर मी एकेरी फोटॉनच सुचवेन. आमच्याकडे मोजणीयंत्रावरचा हिरवा दिवा काळ्या चिकटपट्टीने झाकायचे राहून गेल्याने त्याचा प्रकाश डिटेक्टरांत शिरला आणि दोन दिवसांच्या नोंदी वाया गेल्या होत्या. सीएचएसएचच्या सोळा मोजण्यांत अशी चूक सापडायला आठवडा लागला असता. दोन सत्रे आणि सवड असेल, तर त्याच टेबलावर पुढे सीएचएसएच मांडावी.