ट्रॉलीत बसायचंच असेल तर सेंट चार्ल्सची हिरवी गाडी

अमेरिका-कॅनडात कुठल्याही शहरात गेले की मी आधी रुळावरची गाडी शोधते, म्युझियम वगैरे नंतर. गेल्या काही वर्षांत बऱ्याच स्ट्रीटकार आणि हेरिटेज ट्रॉली, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणाऱ्या नव्या-जुन्या ट्राम, फिरून झाल्या. ओळखीचं कोणी तिकडे निघालं की मला विचारतं, यातली कुठली खरंच बसण्यासारखी आहे? म्हणून एकदाचं लिहून टाकते. माझं उत्तर ठरलेलं आहे, न्यू ऑर्लिन्सची सेंट चार्ल्स लाइन. बाकी चांगल्या आहेत, काही तर फार चांगल्या आहेत, पण ही वेगळीच.

ही लाइन १८३५ पासून चालू आहे. आधी वाफेवर आणि घोड्या-खेचरांवर, मग १८९३ पासून विजेवर. सलग चालत आलेली जगातली सगळ्यात जुनी स्ट्रीटकार लाइन म्हणून तिचं नाव घेतात. आता धावतात त्या गडद हिरव्या गाड्या १९२३-२४ मध्ये पर्ली थॉमसच्या कारखान्यात, नॉर्थ कॅरोलिनातल्या हाय पॉइंटला बनलेल्या, आणि याच कंपनीची पुढची पिढी म्हणजे आज अमेरिकेत पोरांना शाळेत नेणाऱ्या त्या पिवळ्या थॉमस बस! हे कळल्यापासून मला ती पिवळी बस दिसली तरी आपलेपणा वाटतो.

आम्ही कॅनाल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सकाळी आठच्या सुमाराला चढलो, मी आणि आई. बसायला आडवी लाकडी बाकं, पितळेच्या मुठी, वरती उघडे बल्ब, आणि खिडक्या खरोखरच्या, म्हणजे हाताने वर-खाली करायच्या. एसी नाही. आधी मला वाटलं आईला उकडेल, पण गाडी हलली आणि असा वारा आला की तिने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "अगं ही तर अंगणातून चालल्यासारखी चाललीय." आणि ते अगदी बरोबर होतं, कारण शहराचा मधला गजबजलेला भाग संपला की रूळ रस्त्याच्या मधल्या हिरवळीतून जातात. तिथले लोक या मधल्या पट्ट्याला न्यूट्रल ग्राउंड म्हणतात. दोन्ही बाजूंना ओकची प्रचंड झाडं, फांद्या पार गाडीच्या टपावर आलेल्या, त्यात मार्डी ग्रा या तिथल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या मण्यांच्या माळा वर्षभर लोंबत असतात. रुळाशेजारून लोक जॉगिंग करत असतात, गाडी आली की बाजूला होतात, गेली की परत रुळावर. अशी सलगी मी दुसऱ्या कुठल्याच शहरात पाहिली नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते गाडीतलं पब्लिक. युनिफॉर्ममधला हॉटेलचा माणूस, दप्तर घेतलेली मुलं, टुलेन आणि लोयोला युनिव्हर्सिटीला उतरणारे विद्यार्थी, आणि त्यात आमच्यासारखे फोटो काढणारे. हेरिटेज असूनही ती रोजची गाडी आहे. माझी कसोटी हीच. गाडी कितीही जुनी आणि चकचकीत असू दे, तिच्यातून कोणी कामाला जात नसेल तर माझं मन तिथे रमत नाही.

लाइन साधारण साडेसहा मैलांची. गार्डन डिस्ट्रिक्टचे खांबवाले वाडे, मग ऑडबॉन पार्क, मग रिव्हरबेंडला नदीच्या वळणाबरोबर गाडी पण वळते आणि कॅरोल्टन अव्हेन्यूवरून क्लेबर्नपर्यंत जाते. बरेच टूरिस्ट गार्डन डिस्ट्रिक्टलाच उतरतात. असं करू नका, शेवटपर्यंत जा, कारण खरी मजा टोकाला आहे. तिथे गाडी वळवत नाहीत, ड्रायव्हर फक्त इकडून तिकडे जातो. मागचा वायरला लागलेला दांडा दोरीने खाली ओढून अडकवतात, दुसऱ्या टोकाचा वर सोडतात, आणि मग बाकांच्या पाठी एकेक करून दुसऱ्या बाजूला ढकलत जातात, खट खट खट. दोन मिनिटांत गाडीचं तोंड शेपटीकडे!

तिकीट एका वेळचं सव्वा डॉलर, आणि दिवसभराचा जॅझी पास तीन डॉलर. तीन डॉलरमध्ये दिवसभर शंभर वर्षांच्या गाडीत हिंडायचं, अजून काय पाहिजे. पेटीत पैसे टाकताना सुटे असू द्या. आणि हो, तिथे तिला ट्रॉली म्हणू नका, स्ट्रीटकार म्हणा.

आता खटकणाऱ्या गोष्टी पण सांगते. हिरव्या गाडीला पायऱ्या उंच आहेत आणि व्हीलचेअर आत जात नाही. ज्यांना चढता येत नाही त्यांनी कॅनाल स्ट्रीटची लाल गाडी घ्यावी, तिला लिफ्ट आहे, एसी पण आहे. दिसायला जुनी असली तरी ती नव्याने त्यांच्याच वर्कशॉपमध्ये बनवलेली आहे. कॅनालची जुनी लाइन १९६४ मध्ये बंद करून तिथे बस आणल्या होत्या आणि चाळीस वर्षांनी, २००४ मध्ये, रूळ परत टाकले. दुसऱ्याच वर्षी कतरिना चक्रीवादळ आलं. लाल गाड्या पाण्यात बुडाल्या, पण हिरव्यांचा डेपो उंचावर, त्या कोरड्या राहिल्या, फक्त त्यांच्या स्वतःच्या लाइनवरच्या वायरी तुटून पडलेल्या. मग ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या हिरव्या गाड्यांनी कॅनालची लाइन सांभाळली, लाल गाड्या दुरुस्त होईपर्यंत. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. सेंट चार्ल्स पूर्ण चालू व्हायला २००८ उजाडलं.

दुसरा नंबर सॅन फ्रान्सिस्कोची एफ लाइन. तिथे सगळे केबल कारच्या, म्हणजे रस्त्याखालच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या, रांगेत उभे राहतात, आणि केबल कार बघण्यासारखी आहेच, पण तिचं तिकीट मुनीच्या, म्हणजे शहराच्या बस-ट्रॉली सेवेच्या, साध्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त आहे. एफ लाइन मात्र साध्या तिकिटात. कास्ट्रोपासून मार्केट स्ट्रीटवरून फिशरमन्स वॉर्फपर्यंत जाते आणि कुठली गाडी येईल सांगता येत नाही. कधी १९४० च्या दशकातली पीसीसी नावाची गोल नाकाची गाडी, ती पण दर वेळी वेगळ्या शहराच्या रंगात, कधी मिलानहून आणलेली १९२८ ची नारिंगी गाडी. या लाइनचा जन्म पण गोड आहे. केबल कार दुरुस्तीसाठी बंद होत्या म्हणून १९८३ च्या उन्हाळ्यात जुन्या ट्रॉली बाहेर काढून उत्सव केला, लोकांना इतका आवडला की पुढची काही वर्षं होत राहिला आणि शेवटी १९९५ मध्ये कायमची लाइन सुरू झाली. मिलानच्या गाडीत बाकं भिंतीलगत लांबच लांब, त्यामुळे बाहेर बघायला मान वळवावी लागते, पण आतलं जुनं लाकूड बघून वाटतं वळवू मान. २००० पासून ती खाडीकाठच्या एम्बार्काडेरोवरून पण जाते. तिथे पूर्वी डोक्यावर फ्रीवे होता, १९८९ च्या भूकंपात मोडकळीला आला आणि नंतर पाडला. आता त्या जागी पाणी, ताडाची झाडं आणि ट्रॉली. संध्याकाळी या बाजूने जा.

टोरंटोबद्दल थोडक्यात. तिथे हेरिटेज म्हणावं असं रोजच्या रस्त्यावर फारसं काही उरलेलं नाही, लांबलचक नव्या लाल-पांढऱ्या गाड्या आहेत, पण ५०१ क्वीन या मार्गावरच्या गाडीत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात तर अख्खं शहर समोरून सरकतं. प्रेस्टो कार्डवर ३.३० डॉलर, तेही कॅनडाचे, आणि दोन तासांत कितीही वेळा चढा-उतरा. रुळांची रुंदी पण जगावेगळी, १४९५ मिलिमीटर. शहर १९७२ मध्ये स्ट्रीटकार बंद करायच्या घाटात असताना लोकांनी लढून त्या वाचवल्या, आणि आज ते जाळं किती कामाचं आहे ते गर्दी बघून कळतं.

डॅलसची एम लाइन फुकट आहे, डांबराखाली गाडलेले जुने रूळ उघडे पडले आणि त्यातून १९८९ मध्ये ती उभी राहिली. छोटी आहे, मायेने चालवलेली आहे, डॅलसला असाल तर नक्की बसा.

एक फसगत सांगते, शहराचं आणि कंपनीचं नाव नको. "हिस्टॉरिक ट्रॉली टूर" असं वाचून मी तिकीट काढलं, आणि समोर आली टायरची बस, वरून लाकडी फळ्या ठोकलेली आणि घंटा लावलेली. रूळ नाही, वायर नाही, काही नाही. दीड तास आईला काय दाखवू कळेना. तेव्हा बुकिंगच्या आधी फोटोत चाकं बघा. टायर दिसले तर ती बस आहे, नाव काहीही असो.

न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्यांसाठी एवढंच राहिलं. मार्डी ग्राच्या मिरवणुकांच्या दिवसांत सेंट चार्ल्सवर मिरवणूक असली की गाडी पूर्ण रस्ता जात नाही, तेव्हा ट्रॉलीसाठीच जात असाल तर ते आठवडे टाळा. सकाळी लवकर चढा, खिडकीची जागा धरा, काच स्वतः उघडा, आणि कोपर बाहेर काढू नका, खांब फार जवळून जातात. आई अजून विचारते, ती बाकं उलटी करायची गाडी परत कधी?