शाफ्टचं काम: मिरकरवाडा बंदराजवळचं लेथचं दुकान

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलरवाल्यांचे शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा), त्याला आधार देणारे बुश, होडी पुढे ढकलणारे पंखे सगळे याच दोन महिन्यांत लेथवर (धातू फिरवून कातायच्या यंत्रावर) येऊन पडतात, आणि घाईत केलेलं काम ऑगस्टच्या पहिल्या फेरीतच बोलायला लागतं. रत्नागिरीतल्या या दुकानाचा लेथ जुना आहे, पण मोजणी एकदम चोख.

शाफ्ट आला की आधी व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावतात. वाक किती आहे ते गिऱ्हाइकाला दाखवतात, मगच दर सांगतात. झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून द्यायला मात्र साफ नकार. ते बरोबरच आहे: उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि भरावाच्या कडेला तडा सुरू होतो.

खरी कारागिरी दिसते ती पंख्याच्या टेपरवर, म्हणजे पंखा बसतो त्या शाफ्टच्या निमुळत्या टोकावर. शाफ्टला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन पंखा बसवतात, काढतात, आणि आत डाग कुठे उमटला ते बघतात. फक्त बारीक टोकाकडे उमटला तर पंखा डुलणार आणि सगळा भार चावीवर (शाफ्ट आणि पंख्यामधल्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीवर) येणार. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून घासतात आणि जाड बाजूला डाग सलग येईपर्यंत सोडत नाहीत. पुढे पंखा चावीशिवाय बसवून शाफ्टवर खूण करतात, चावी घालून पुन्हा बसवतात. पंखा खुणेपर्यंत पोचला नाही तर चावी उंच आहे, म्हणजे पंखा टेपरवर नाही, चावीवर बसलाय. ही तपासणी फार कमी ठिकाणी होते. चावीच्या खाचेचे आतले कोपरेही गोल ठेवतात. धारदार कोपऱ्यातूनच शाफ्ट तुटतो.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, होडी पाण्यात उतरल्यावरच करतात. टेकूंवर लाकडी होडीचा तळ वेगळा बसतो, पाण्यात वेगळा, त्यामुळे वर केलेलं माप फुकट. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या तोंडात चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवतात. ४ इंची कपलिंगला ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत.

दर चढे आहेत, फोन कोणी उचलत नाही, आणि जुलैत नेलेलं काम बंदी उठायच्या आत मिळेल याची खात्री धरू नका. मे संपताना टाका. ग्लँडची दोरी (शाफ्टच्या कडेने पाणी आत येऊ नये म्हणून भरतात ती) स्वतःची न्या, त्यांच्याकडे हव्या त्या जाडीची नसते.