मराठी पावत्यांसाठी वीझीप्रिंट: आठ महिने वापरल्यावर

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही पायथनमध्ये करतोय. ठेवपावती, कर्जखात्याचा उतारा, सगळं मराठीत आणि पीडीएफमध्ये. आता हे सगळं वीझीप्रिंटने काढतो; एचटीएमएल पानाचं पीडीएफ करून देणारी ही पायथनची लायब्ररी, म्हणजे आयता तयार कोड. त्याआधीची पहिली लायब्ररी गिटहब या कोडच्या साइटवरचे स्टार, म्हणजे लोकांची पसंती, बघून घेतली होती. इंग्रजी डेमो झकास झाला. मराठी पावती निघाली तेव्हा 'शिंदे'मधली वेलांटी श ओलांडून पलीकडे बसलेली आणि 'क्षीरसागर'मधला क पाय मोडून वेगळा पडलेला. मॅनेजर म्हणाले, "साहेब, असं नाव छापलं तर माणूस ठेव काढून नेईल!"

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी मागे घेणं, जोडाक्षर जुळवणं ही कामं शेपिंग इंजिन करतं. आयटेक्स्ट ही दुसरी पीडीएफ लायब्ररी पाहिली, पण तिचा परवाना एजीपीएल. आपला कोड खुला करा, नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्या. संस्थेच्या बजेटात दोन्ही बसेना.

वीझीप्रिंट बीएसडी परवान्याचं आहे, त्यात आपला कोड खुला करायची अट नाही. अक्षरं ते पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडून मांडून घेतं आणि पँगो हार्फबझ या शेपिंग इंजिनकडून. क्रोम आणि फायरफॉक्समध्येही शेपिंगला हार्फबझच आहे, त्यामुळे ब्राउझरमध्ये दिसतं तसंच कागदावर उतरलं. पँगो एलजीपीएल या बीएसडीपेक्षा कडक परवान्यात येतं, हे मला उशिरा कळलं. आम्ही त्यात काही बदलत नाही, त्यामुळे निभावलं. पण परवाना वाचायचा तर पार तळापर्यंत वाचावा लागतो.

कुरकुरी आहेत. जावास्क्रिप्ट चालत नाही, म्हणून आलेख आधीच एसव्हीजी या चित्राच्या फॉरमॅटमध्ये काढून द्यावे लागले. विंडोजवर पँगो वेगळं बसवताना एक अख्खी दुपार गेली. सर्व्हरवर प्रोग्रॅम डॉकरच्या इमेजमधून, म्हणजे सगळं सोबत बांधलेल्या पॅकेटमधून चालतो, आणि सडपातळ इमेजमध्ये मराठी फाँटच नसतो. सर्व्हरवर पहिल्या दिवशी नुसते चौकोन छापून आले! मग नोटो सान्स देवनागरी हा फाँट सोबत टाकला. वेग बेताचाच, तसं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. मार्चअखेरचा व्याज अहवाल आम्ही आता शाखावार तोडून काढतो.

एक घोटाळा मात्र आमचाच. मुख्य पॅकेजची, म्हणजे वीझीप्रिंटची, व्हर्जन पक्की केली होती, ते ज्यांच्यावर चालतं त्या पोटातल्या पॅकेजची नाही. एका सकाळी नव्या बिल्डमध्ये सगळ्या पावत्या बंद, आणि काउंटरवर रांग. तेव्हापासून लॉक फाइल, तिच्यात सगळ्याच पॅकेजच्या व्हर्जन पक्क्या असतात.

आता कुठलीही लायब्ररी आली की आधी तिला आमची अवघड अक्षरांच्या नावांची फाइल देतो: हृषीकेश, ज्ञानेश्वर, क्षीरसागर, कुऱ्हाडे. गेल्या आठवड्यात टीममधल्या एकाने दुसरी, म्हणे पाचपट वेगवान, आणली होती. ती कुऱ्हाडेंपाशी अडली.