१९४३चे अमेरिकी स्टील सेंट: संच चकचकीत, पण कोरा नव्हे

‘कोरा करकरीत’ म्हणून मिळणारा हा तीन टांकसाळींचा संच दिसायला छान, पण चकाकी मागाहून चढवलेल्या जस्ताची. युद्धात तांबं वाचवायला हे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यातून कापले. त्यामुळे अस्सल नाण्याची कड उघडी राहते, गंजही तिथूनच धरतो. इथे भिंगातून कडेवरही जस्त दिसतं, आणि लिंकनच्या गालफडावरची झीज खाली तशीच! वजन २.७ ग्रॅम, चुंबकाला चिकटतात. नाणी बहुधा खरीच. भेट द्यायला ठीक. जोडीला ‘तांब्याचा १९४३’ (चुकून तांब्याच्या चकतीवर पडलेला दुर्मिळ सेंट) देऊ केला, तर चुंबक लावा. चिकटला तर नुसता मुलामा. नाही चिकटला तरी ३ नीट बघा, १९४८चा ८ कापूनही तो करतात.